बाँडवर विकलेला खेळ

मंगलबाई एसटीतून उतरताना दिसल्या आणि दुकानात बसलेल्या सुदर्शनने मान खाली घालून उगाच हिशेबाची वही उघडली. हातात जड पिशवी, काखेत तो स्टॅम्प पेपर.

आळेफाट्यावर व्हिडिओ गेमचं दुकान चालवणाऱ्या सुदर्शनने आजवर एकच खेळ बाँडवर विकला होता, तो या बाईंना. डबीवरचं बारीक अक्षर त्यांनी त्याच्याचकडून वाचून घेतलं होतं: मालकी कंपनीची, गिऱ्हाइकाला नुसता वापरायचा परवाना.

“म्हंजी म्हस इकायची अन् दावं आपल्याच हातात ठिवायचं व्हय?”

शेवटी सुदर्शनने लिहून दिलं, खेळ कायम चालेल. खाली मंगलबाईंची अट: मशीन महिन्यातून एकदा नेटला जोडीन. कंपनीने डबीवर तसं छापलंच होतं, न जोडल्यास परवाना रद्द. चहावाल्याने साक्ष घातली.

मंगलबाईंच्या गावी, घाटघरला रेंज कुठली! दर महिन्याला जुन्नरच्या बाजारातून मंगलबाईंचा फोन यायचा. “लावलं बरं का, भाऊ.”

खेळ बैलगाडा शर्यतीचा होता, आणि होता त्यांच्या मालकांसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी. कुशाबांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडलेला. बोटं हलवायला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हाताने भिंतीवर हाणला. बटणं हातात आली मात्र, आणि म्हातारा शर्यतीच्या फेऱ्या, बारीवर बारी मारू लागला. दिवाळीत त्याच लुळ्या हाताने त्यांनी चहाचा कप उचलला. ते ऐकून सुदर्शनला घरचं माणूस बरं झाल्याचा आनंद झाला होता.

आणि परवा कंपनीने खेळच गुंडाळला. नेटवरून हुकूम आला की पडद्यावर कुलूप. सकाळपासून चार गिऱ्हाइकं सुदर्शनच्या नावाने शंख करून गेली होती. त्यांचं एक वेळ ठीक, पण म्हाताऱ्याच्या बोटांना आता काय द्यायचं?

“बसा, मावशी. बाबांचा हात कसाय?”

“हाताचंच बोलाया आले.” मंगलबाई त्याच्याकडे बघेनात. त्यांनी बाँड काउंटरवर पसरला. “ह्ये लिवल्यालं तुमीच वाचा.”

“वाचायला कशाला पायजे? चूक माझीच हाय. शब्द माझा व्हता. दुसरा कुठलाबी खेळ उचला, मावशी, हे अख्खं दुकान तुमचं.”

“दुसरा कशापायी?” त्यांनी पिशवी पुढे सरकवली. आत नवा तांदूळ होता, वास दुकानभर झाला. “तुमी शबुद पाळला, भाऊ. आज सकाळीच मालकांनी तीन बाऱ्या मारल्या. खालची अट म्या मोडली. येश्टीत मशीन आदळंल म्हणून घराभायेर काढलंच नाय, अन् फोनवर तुमाला खोटं सांगत ऱ्हायले. त्याला येकदाबी नेट लावल्यालं नाय.”