तीन मोठी बिलं

सिनियरने फाईलमधली बारा महिन्यांची वीजबिलं म्हाताऱ्याच्या घरातल्या टेबलावर पसरली. त्यातली तीन उचलून स्वतःकडे ठेवली आणि उरलेली नऊ नीट जुळवून म्हाताऱ्याला परत दिली. एवढी तीन बास झाली, म्हणाला. जणू काही म्हाताऱ्याचा त्रासच वाचवत होता.

शेजारी बसलेल्या नवीला काय समजायचं ते समजलं. दोन महिने झाले होते तिला नोकरीला लागून, पण ऑफिसात अजून सगळे तिला नवीच म्हणत, कारण तिच्या नावावर एकही विक्री नव्हती. सोलर विकणाऱ्याचं कमिशन किलोवॅटवर असतं. छपरावर जितके किलोवॅट चढतील तितके पैसे. आणि किती चढवायचे हे वर्षभराची बिलं बघून ठरवायचं, असं निदान ट्रेनिंगमध्ये तरी शिकवलं होतं. सिनियरने उचललेली तीन बिलं बाकीच्यांच्या तिप्पट होती.

म्हाताऱ्याने शाळेच्या ऑफिसात आयुष्यभर कारकुनी केली होती. आकडे त्याच्या नजरेतून सुटणार नव्हते. ते तीन महिने धरू नका, तो म्हणाला. तेव्हा घरात बायकोसाठी ऑक्सिजनचं मशीन होतं, ते दिवसरात्र चालू असायचं, शिवाय एसी. आता तो एकटाच होता. एक पंखा आणि एक दिवा, एवढाच त्याचा खर्च.

सिनियरने हातातलं पेन खाली ठेवलं. दुःखाचा चेहरा त्याच्याकडे तयारच असतो, तो त्याने चढवला. लग्नाला किती वर्षं झाली होती ते विचारलं, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून चुकचुकला. मग पेन उचललं आणि बोलता बोलता, उद्या पाहुणेरावळे येतील, नातवंडं सुट्टीला येतील, असं म्हणत फॉर्मवर सहाचा आकडा टाकला. नवीला किळस आली. दोन किलोवॅटमध्ये या घराचं सगळं भागून वर उरलं असतं.

सहा किलोवॅट म्हणजे दवाखान्याच्या खर्चातून वाचलेली शेवटची ठेव मोडायची. म्हाताऱ्याने रक्कम दोनदा वाचली. एवढं मला झेपायचं नाही, म्हणाला, आणि फॉर्म सरकवून दिला. सिनियरने तो परत घेतला नाही. असं थांबलं की गिऱ्हाईकच बोलतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

म्हातारा आपणहून बोलायला लागला. बायकोच्या शेवटच्या दिवशी लाईट गेली होती. भर दुपारची वेळ. मशीन बंद पडलं. सिलिंडर मागवला, तो यायला तास लागला, आणि तासाने तो आला तेव्हा त्याचं काही काम उरलं नव्हतं.

"ऊन तर मरणाचं होतं," तो म्हणाला. "हे तुमचं छपरावर असतं, तर मशीन चालू राहिलं असतं का?"

नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हेच सांगितलं होतं. बॅटरी नसेल तर लाईट गेली की हेही बंद, मग ऊन कितीही असो. आणि फॉर्मवर बॅटरीपुढचा चौकोन रिकामा होता. हे सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची ठेव वाचली असती. शिवाय त्याला कळलं असतं की त्या दुपारी त्याच्या हातून काहीच राहून गेलं नव्हतं.

"चाललं असतं, काका," सिनियर म्हणाला. "का नाही चालणार?"

म्हातारा नवीकडे वळला. याचं काम विकायचं आहे, हे त्यालाही कळत होतं.

"तू सांग, बाळ. खरंच चाललं असतं?"

नवीने मान खाली घातली. म्हाताऱ्याने तो होकार धरला.

त्याने चष्मा पुसला आणि सगळ्या पानांवर सही केली, प्रत्येक ठिकाणी तीच, तशीच, कारकुनाच्या अक्षरात. गेल्याच वर्षी बसवायला हवं होतं, तो पुटपुटला. ती म्हणतच होती. मीच म्हटलं, बघू पुढे.

गाडीत बसल्यावर सिनियरने सीटबेल्ट लावायच्या आधीच फाईल मागच्या सीटवर टाकली. तो खुशीत होता, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता. नवी खिडकीबाहेर बघत बसली. या माणसाची तिला शिसारी आली होती, त्याच्या अत्तराची, स्वच्छ कापलेल्या नखांची, आणि स्वतःची तर त्याहून जास्त. यातला एक पैसाही घ्यायचा नाही, उद्याच राजीनामा द्यायचा, असं ती मनाशी घोकत होती. परत जाऊन म्हाताऱ्याला सगळं सांगायचं, हेही तिने ठरवून टाकलं.

सिग्नलला गाडी थांबली तसा सिनियर हिशेबाला लागला.

"किलोवॅटला सहा हजार. दोन काकांचे, चार काकूंचे." स्वतःच्याच विनोदावर तो खुसखुसला. "सहा सक छत्तीस. छत्तीस हजारात तीस टक्के तुझे. म्हणजे झाले नऊ हजार आठशे."

त्या घराचा उंबरठा ओलांडल्यापासून नवी एक शब्दही बोलली नव्हती.

"दहा हजार आठशे," ती म्हणाली.