दशमीचे पान

"हाही नाही," असे म्हणून केशवरावांनी शेवाळ खरवडलेल्या शिळेवरून हात काढला आणि ते पुढच्या शिळेपाशी बसले.

चिखला गावच्या खाणीपलीकडचे ते ख्रिस्ती कब्रस्तान होते. कोंढ्याचे शेतकरी केशवराव तेथे आपला बाप शोधीत होते. आपण पाळण्यात असताना बाप सुखराम तापाने गेला, एवढेच ते साठ वर्षे ऐकत आले होते. मरणपंथाला लागलेल्या जनाआत्याने मागल्या महिन्यात खरे सांगितले. सुखराम मेला नव्हता. मिशनात जाऊन ख्रिस्ती झाला होता. घरच्यांनी एका दशमीला घट फोडून जिवंत माणसाची क्रिया उरकली. तीच तिथी धरून दर अखरपखात, म्हणजे पितरांच्या पंधरवड्यात, त्याच्या नावाचे पान वाढले जाऊ लागले.

त्या पानाला कावळा कधीच शिवला नाही. घटकाभर वाट पाहून ते दारी आलेल्या वाटसरूला द्यावे, अशी घराची रीत होती. बाप उपाशी राहतो, हे शल्य केशवरावांनी जन्मभर बाळगले. आता कारण कळले होते. तिथीच चुकीची होती. खरी तिथी मिळाल्यावाचून परतायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

चर्चच्या दफनवहीतली जुनी पाने त्यांनी सकाळीच पाद्री तेजरामांकडून वाचून घेतली होती. सुखराम सापडला नव्हता.

"आमच्यात मेलेल्यांना जेवण लागत नाही, केशवराव," वही मिटताना पाद्री म्हणाले होते.

"तुमच्यात लागत नसन. तो कोंढ्याचा आहे, त्याले लागते."

जुन्या शिळा संपल्या. शेवटच्या ओळीत सिमेंटचे एक नवे थडगे होते. तिकडे त्यांनी पाहिलेही नसते. पण झाडझूड करणारी रुखमाबाई बाजूला सरली आणि अक्षरे दिसली. सुखराम पौलस. राहणार कोंढा. मृत्यू ९ फेब्रुवारी १९७१.

अवघ्या चार वर्षांपूर्वी. केशवराव त्या अक्षरांवरून बोट फिरवू लागले.

"बुढा तुमचा कोन?" रुखमाबाईने विचारले.

"बाप. त्याच्या पानाले कावळा शिवत नाही, म्हून मरनाची तारीख धुंडत होतो."

तिने हातातला झाडू खाली ठेवला. "म्हंजे वाढनारे तुमीच. बुढा खानीत होता, आमच्या शेजारी राहे. दरसाल अखरपखात दशमीले कोंढ्याले जाय. 'आज माह्या नावाचं पान हाये,' म्हने. येताना आमच्या लेकरायले उडदाचे वडे आने. 'पोरानं आपल्या हातानं वाढलं,' हे चार-चारदा सांगे."

केशवरावांना आपल्या घरची पडवी दिसली. दर दशमीला भर दुपारी काठी टेकीत येणारा तो म्हातारा दिसला. "बाबा, पंचांग घेऊन फिरता काय?" असे आपणच त्याला थट्टेने विचारीत असू. तो मान वर न करता जेवी. पानावर शीत ठेवीत नसे. गेली चार वर्षे तो फिरकला नव्हता आणि पान गाईपुढे जात होते.

"तारीख तर गवसली तुमाले," रुखमाबाई म्हणाली. "आता तरी येईन ना कावळा?"

केशवरावांनी टोपी काढून थडग्यावर हात ठेवला.

"आता येईन, बाई. तवा कायले येईन? ज्याचं पान, तोच जेवून जात होता."