आईला समुद्र दाखवायचाय

“तुम्ही स्वतः गेलाय का हो तिथं?” गिऱ्हाइकानं विचारलं.

“स्वतः न बघता कुणाला पाठवत नाही मी,” बाबा म्हणाले. “नारळ पाण्यावर वाकलेले, मागं हिरवागार डोंगर. सकाळी खिडकी उघडली की डोळे निवतात. बरोबर लहान मुलं आहेत?”

“मुलगा आहे. यंदाच शाळेत घातलाय.”

“मग थंड हवेच्या ठिकाणी जा. समुद्र पुढच्या खेपेला.”

शेजारच्या टेबलावर तिकिटं काढत बसलेल्या धाकटीनं कपाळाला हात लावला. घरात माणसं तीन, त्यात सगळ्यात लहान ती, म्हणून धाकटी. सहलींचं हे दुकान बापलेक मिळून चालवत. हातातोंडाशी आलेलं गिऱ्हाईक बाबा असं भलतीकडे वळवत आणि ती मनातल्या मनात धुमसत राही.

पण तिचा खरा राग वेगळाच होता. या माणसानं उभा जन्म त्या किनाऱ्याच्या सहली विकल्या. अर्धं गाव तिकडं जाऊन रापून आलं. आणि बायकोला? विषय काढला की एकच उत्तर, तिला प्रवास सोसत नाही. धाकटीनं हौसेनं त्या किनाऱ्याचं भिंतभर चित्र दुकानात लावलं होतं. आई दुपारी डबा घेऊन यायची ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. जे मिळायचंच नाही, त्याकडे बघायचं तरी कशाला?

त्या दिवशी जेवताना तिचा बांध फुटला.

“जगाला समुद्र दाखवता आणि आईला चार भिंती!”

बाबा मान खाली घालून जेवत राहिले.

“बोला ना! गिऱ्हाइकापुढं तर जीभ थकत नाही तुमची.”

“तिला प्रवास सोसत नाही गं.”

“बाजारातून दोन्ही हातांत भरल्या पिशव्या घेऊन येते, ते सोसतं?”

बाबांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. काय हा कोडगेपणा! धाकटीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुकानातही कामापुरता शब्द, तोही दुसरीकडे बघून. आणि एक दिवस बसची दोन तिकिटं तिनं आईपुढं ठेवली.

आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

“बाबांशी नीट बोलायला लागणार असशील, तर येते.”

“ते परत आल्यावर बघू.”

बस सुटेपर्यंत बाबा थांब्यावर उभे होते. आईच्या खिडकीपाशी येऊन म्हणाले, “नको वाटलं तर उतर. अजून वेळ आहे.”

शेवटच्या क्षणीसुद्धा मोडता घालायचाच! धाकटीनं हात लांब करून खिडकी लावून घेतली.

किनारा चित्रापेक्षाही देखणा निघाला. झाडीतून उतरणारी लाल वाट, दोन्ही बाजूंना केळींची ओली, मोठाली पानं, आणि वळण संपतं तिथं एकदम पाणीच पाणी. धाकटीला आनंदाआधी रागच आला. एवढं सगळं होतं, आणि आईचे केस पिकेपर्यंत तिला ते दिसू दिलं नाही.

“बघ, आई,” ती म्हणाली. “हे लपवून ठेवलं त्यांनी तुझ्यापासून.”

आई चालू लागली. माणसं खेळत होती त्या वाळूकडे नाही, तर डाव्या हाताला, खडकांच्या कडेनं. कुणाला काही विचारलं नाही. धाकटी मागं धावली. खडक संपले तिथं आई थांबली आणि तिनं लेकीचं मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं.

“आता त्यांना एक शब्द बोलायचा नाही,” आई म्हणाली. “मला इथं पुन्हा आणू नका, अशी शपथ त्यांना मीच घातलीय. तू पोटात होतीस तेव्हा. तुझा दादा इथंच पाण्यात गेला.”