गळती आढळली

"मॅडम, बुकिंगचं तुमचं सॉफ्टवेअर बंद केलं की 'गळती आढळली' असं येतंय," मंगल कार्यालयाचे कारखानीसकाका फोनवर म्हणाले आणि शलाकाने कपाळावर हात मारला.

प्रोग्रॅमने वापरायला घेतलेली मेमरी परत केली नाही, म्हणजे मेमरीची 'गळती' झाली, तर आपल्याला कळावं म्हणून तिनेच ती सूचना लिहिली होती, तीही हौसेने मराठीत. ती फक्त डीबग करताना, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधताना दिसेल, अशी अट घालायची मात्र राहून गेली आणि सूचना थेट काकांच्या पडद्यावर पोचली. पहिलंवहिलं गिऱ्हाईक, तेही आता हातचं जाणार!

"काका, चूक माझीच. ती सूचना माझ्यापुरती होती. संध्याकाळपर्यंत काढते."

"काढता कशाला? मी लगेच प्लंबर बोलावला."

धास्ती विसरून शलाकाला हसू फुटलं. "अहो काका, ती गळती कॉम्प्युटरमधली..."

"ते तुम्ही बघा. पण भटारखान्यामागचा पाइप फुटलेला निघाला ना! उद्या लग्न आहे, पाण्याविना चारचौघांत शोभा झाली असती. आमच्या व्याह्यांचंही कार्यालय आहे, त्यांनाही हेच सॉफ्टवेअर हवंय." काकांनी वर बजावलं. "पण हां, गळतीवालंच द्या!"