पिवळसर झाक

ती ज्या कारखान्यात तपासनीस होती, तिथे एक पांढरी पूड बनायची. तिचं रासायनिक नाव इतकं लांबलचक होतं की ते ऐकून घरचे हसायचे. त्या पुडीपासून पुढे फार टणक प्लास्टिक तयार व्हायचं. कवटीच्या हाडाच्या जागी बसेल इतकं टणक.

बांधकामाच्या पायाडावरून पडलेल्या तिच्या दादाच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा डॉक्टरांनी काढला, त्याला दोन महिने होत आले होते. दादा आता कुशीवर वळायलाही घाबरायचा.

"त्या जागी बसवायची प्लास्टिकची प्लेटच मिळत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "ज्या पुडीपासून ती बनते, तिचा अख्खा लॉट नापास झालाय म्हणे."

"कुणी केला असेल हो नापास?" वहिनी म्हणाली. "त्यांच्या घरी कुणी आजारी पडतच नसेल का?"

तो लॉट तिनेच नापास केला होता, हे वहिनीला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्या लॉटचा नमुना तिच्या टेबलावर आला. तिने पूड विरघळवून नळी उजेडात धरली, तर पिवळसर झाक दिसली, म्हणजे पूड शुद्ध नव्हती आणि तिचं प्लास्टिक कच्चं निघणार होतं. तिने दुसरा नमुना मागवला, मग तिसरा. झाक काही जाईना.

"ताई, एवढ्याशाने काय होतंय?" मॅनेजर हळूच म्हणाले. "तुमच्याच भावाचं अडलंय ना? करून टाका सही."



"अडलंय ना, म्हणूनच," ती म्हणाली, आणि तिने कागदावर 'नापास' लिहिलं.