ठसका

लढाईच्या साली बाजारात मिरची मिळेना, म्हणून सांडोरच्या शकूनं पहिल्यांदाच घरात मिरचीची रोपं करायचं मनावर घेतलं; पण बियाणं कुठून आणायचं?

त्यातच तिचा तान्हा सोनू तापानं फणफणला. वसईच्या दाक्तरकडे न्यायला सासऱ्यांनी गाडी जुंपली. तेवढ्यात सासूनं घरातल्या शेवटच्या लाल मिरच्या मीठ-मोहरीसकट बाळावरून ओवाळल्या नि शकूच्या ओंजळीत दिल्या. "चुलीत टाक."

शकूनं मीठ-मोहरी टाकली. मिरच्या मात्र बियांसाठी पदरात लपवल्या.

सासू अंगणात धावली. "अवो, बैल सोडा! मिरच्या जळल्या तरी ठसका नाय लागला. दिष्टच होती, उतरली. दाक्तर कशाला?"



चुलीजवळच्या करवंटीत त्या बियांना कोंब आले, त्या सकाळी सासरे रिकामा पाळणा माळ्यावर चढवत होते.