कागदापुरतं

सदतीस साली वडगावच्या नागोजी विणकराचा एकुलता एक जोतिराम मॅट्रिक झाला. नागोजीचे थोरले भाऊ अण्णा बेळगावच्या कॉलेजात प्रोफेसर. तिथं प्रोफेसरांच्या मुलांना फी माफ होती, आणि अण्णांना मूलच नव्हतं.

"दत्तक घेतो त्याला. नुसतं कागदापुरतं रं," अण्णा म्हणाले. राजाबाईनं डोळे पुसत लेकाला ओवाळलं.

बी.ए.च्या वर्षाला राजाबाई वारली. जोतिराम आला, ढसाढसा रडला आणि चौथ्या दिवशी सकाळीच पिशवी भरू लागला.

"आईचा दहावा तरी करून जा की रं," नागोजी म्हणाला.



जोतिराम खाली बघत बोलला, "काका, दत्तक गेलेल्याला सुतक तीनच दिवस असतं."